कपड्याला लागलेलं

बाबूजी,

मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुढे काय करणार हे माझं मलाच माहीत नव्हतं. आता मी गोंदियाच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तास संपले की मागच्या एका खोलीत, जिथे पूर्वी मोडकी बाकं टाकलेली असायची, काही क्षार एकमेकांत मिसळून नवे पदार्थ करून बघते. हॅलाइड पेरोव्स्काइट म्हणतात त्यांना. नाव अवघड आहे, वस्तू साधी. शिसं, ब्रोमीन आणि सिझियम नावाचा एक मऊ धातू, या तिघांची पिवळसर पूड होते. दिवसाच्या उजेडात ती फिक्या हळदीसारखी दिसते, कोणी वळूनही बघणार नाही. पण जांभळ्या दिव्याखाली धरली की अशी हिरवी पेटते की नवीन आलेल्या मुलांच्या तोंडून ‘बाप रे’ निघतंच. आणि एक्स-रेखाली धरली तरी ती पेटते. हे तुम्हाला ऐकवायचं होतं.

तुम्ही दवाखान्यात एक्स-रे काढायचात, तिथल्या फिल्मच्या कॅसेटमध्ये आतून एक पांढरा पडदा चिकटवलेला असायचा, आठवतं ना? किरण त्याच्यावर पडले की तो क्षणभर उजळायचा आणि त्या उजेडानं फिल्मवर हाड उमटायचं. कोपरा फाटलेला असा एक पडदा तुम्ही मला आणून दिला होता, पुसून, पेपरात गुंडाळून. “हा नसता तं माणसाले दहापट किरणं खावे लागले असते,” असं तुम्ही म्हणाला होतात. मी तो पाटीसारखा वापरला आणि त्यावर पेन्सिलनं चित्रं काढली. तुम्ही ती काढू दिलीत. माझं आजचं सगळं काम तुमच्या त्या एका वाक्यात आहे. पडदा जितका जास्त उजळेल, तितके किरण कमी लागतील. झोपलेल्या रोग्यालाही कमी, आणि त्याचा हात धरून उभ्या असलेल्या माणसालाही कमी. मी ती पूड पारदर्शक प्लास्टिकमध्ये घोळून तसाच पातळ पडदा करते आणि मोजमापासाठी नागपूरला पाठवते. बरा येतो. पावसाळ्यात बिघडतो, कारण हवेतला ओलावा त्याला सोसत नाही, आणि आपल्याकडे धानाच्या बांध्या पाण्यानं भरल्या की भिंतीसुद्धा ओल्या लागतात.

पण हे पत्र पडद्यासाठी लिहीत नाही. मी घाबरलेली आहे, बाबूजी. भीती काय असते ते तुम्हाला माहीत होतं, हे मला यंदा कळलं.

तुमची नात बालवाडीत जाते. यंदा उन्हाळ्यापासून ती पिवळी पडत चालली होती. जेवायला बसली की दोन घासांत उठायची, चिडचिड करायची, पोटाशी पाय घेऊन पडून राहायची. “मम्मी, पोट दुखून राहिलं,” हे रोजचंच झालं होतं. तुमचे जावई पाटबंधारे खात्यात आहेत, चोरखमारा तलावाच्या बाजूला, शनिवारी घरी येतात. त्यांना वाटलं बाहेरचं खाणं असेल. माय आता आमच्याकडेच राहते, तिला वाटलं दृष्ट लागली. मला काही वाटायला वेळच नव्हता. पावसाच्या आत पडदे करून पाठवायचे होते, म्हणून मी खलात पूड घोटत बसलेली असायची, मास्क गळ्यात लटकवून, कारण त्या उकाड्यात तो तोंडावर ठेववत नव्हता. घरी आले की पोरगी धावत येऊन कमरेला मिठी मारायची, माझ्या ओढणीत तोंड खुपसायची. मी तिला तशीच उचलून घ्यायची. दिवसभरातली तेवढीच एक वेळ आम्हा दोघींची.

मग एक दिवस मायनं सांगितलं की पोरगी कोठीतले कच्चे तांदूळ मुठीनं खाते. तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. रेल्वे स्टेशनाच्या बाजूला लहान मुलांचे एक म्हातारे डॉक्टर बसतात, सगळं हिंदीतून बोलतात. त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली, पोट दाबलं. “खून कम है बच्ची में. मिट्टी खाती है?” मी म्हटलं, तांदूळ खाते. त्यांनी मान हलवली, लिहायला लागले, आणि लिहिता लिहिताच सहज विचारलं, “घर में कोई बैटरी का काम करता है? पेंट का? सीसे का?”

सीसे का, म्हणजे शिशाचं. बाबूजी, मी त्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्या कानात गिरणीसारखा आवाज सुरू झाला. पोरगी टेबलावरचं पेन ओढत होती. मी म्हटलं, “मी करते.” डॉक्टरांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, “मैं करती हूँ. कॉलेज में. लेड का पावडर.” त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मॅडम, आप तो खुद जानती हैं. बच्चों के लिए इसकी कोई मात्रा अच्छी नहीं. खून भेजते हैं टेस्ट को. डरिए मत.”

डरिए मत म्हणे! मी वर्गात मुलांना शिकवते की शिसं लहान मुलाच्या अंगात शिरलं की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं, मेंदूत जाऊ देतं. हे मी फळ्यावर लिहिलेलं आहे. परीक्षेत विचारलेलं आहे.

त्या दिवशी दिवेलागणीला मी कॉलेजातून जांभळा टॉर्च घरी आणला. छोटाच असतो तो, नोटा खऱ्या की खोट्या ते बघायचा, तसलाच. माय पोरीला घेऊन शेजारी गेली होती. मी दारं-खिडक्या लावल्या, दिवे बंद केले आणि आधी माझी पर्स बघितली. पट्ट्यावर हिरवे ठिपके होते, मोहरीच्या दाण्याहून बारीक. मनात म्हटलं, पर्स तर लॅबमध्ये असते, तिच्यावर असणारच. मग ओढणी. काठाला हिरवे ठिपके. मग दाराजवळची खुंटी, जिथे मी ती टांगते. खुंटीच्या खाली फरशीवर. आपल्या घरच्या फरशीवर, बाबूजी, जिथे पोरगी भातुकली मांडते. मी गुडघ्यांवर बसून, हात टेकत, टॉर्च पुढे सरकवत गेले. पलंगापर्यंत काही नव्हतं. जरा श्वास घेतला. आणि मग तिचा फ्रॉक दिसला, सकाळी बदललेला, पलंगावर टाकलेला. कापड साबणामुळे सगळं निळसर चमकत होतं, आणि त्याच्या छातीवर, जिथे ती मला बिलगते तिथे, दोन हिरवे ठिपके होते.

मला तो रंग फार आवडायचा. पहिल्यांदा तो हिरवा उजेड माझ्या हातून झाला त्या दिवशी मी खोलीत एकटीच हसत बसले होते. आता तोच माझ्याकडे बघत होता. आणि त्याहून वाईट काय, तर मला माहीत होतं की दिसतं तेवढंच नाही. पाणी लागलं की या पुडीची चमक जाते, पण शिसं जात नाही. म्हणजे आजचा न धुतलेला फ्रॉक मला दिसला. आधीचे सगळे फ्रॉक, उशीचे अभ्रे, तिचं कापडी अस्वल, मायचं लुगडं, जे जे माझ्या कपड्यांबरोबर धुतलं गेलं, त्यावर काय आहे ते कोणत्याच टॉर्चनं दिसणार नव्हतं.

माय आली तेव्हा मी ओल्या फडक्यानं फरशी पुसत होते. दिवा लागलेला नव्हता. “अंधारात काऊन बसली वं?” तिनं विचारलं. मी बटण दाबलं आणि पुन्हा पुसायला लागले.

सकाळी रक्त घेतलं. पोरगी रडली, मग परिचारिकेनं दिलेलं चॉकलेट खाऊन गप्प झाली. नमुना बाहेरगावी जातो, उत्तर यायला आठवडा लागतो. तो आठवडा मी कॉलेजात गेले नाही. तुमचे जावई फोनवर म्हणाले, “तू उगीच घाबरून राहिली, काही निघणार नाही.” ते मला धीर देत होते हे मला कळत होतं, पण मी फोन ठेवून द्यायची. पोरगी जवळ आली की मी आता तिला उचलत नव्हते. आधी हात धुवायची, कपडे बदलायची, पुन्हा हात धुवायची. एकदा ती पाठीमागून येऊन गळ्यात पडली आणि मी केवढ्यानं ओरडले, “दूर हो! हात नको लावू!” ती घाबरून मागे सरली, भिंतीला टेकली. तिचं ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं. आरशात नाही, पण आतून. मी स्वतः तशी भिंतीला टेकले होते.

मी लहान आहे, तुम्ही कामावरून सायकलनं घरी येताय. सडक अर्जुनीच्या हायवेवरचा तो हाडांचा दवाखाना, आता बंद पडून बरीच वर्षं झाली, तिथून आपल्या गावापर्यंतचा रस्ता, आणि तुम्ही अंगणात उतरताय. मी ओट्यावरून उडी मारून धावते. तुम्ही सायकल तशीच सोडून देता, ती पडते, आणि तुम्ही ओरडता, “दूर हो! कायले अंगावर येतेस?” मी भिंतीला टेकते. तुम्ही मागच्या दारी जाता. न्हाणीतून बादलीचा आवाज येतो, पुष्कळ वेळ येतो. मग तुम्ही धुतलेला सदरा घालून येता आणि म्हणता, “ये आता.” मी जात नाही. असं किती वेळा झालं असेल. पुढे पुढे मी धावणंच सोडलं, आणि तुम्ही बोलावणं सोडलं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तुम्हाला मुलगी नको होती. त्यावर मी रडलेही नाही. तसंच धरून मोठी झाले.

पोरगी भिंतीला टेकली ते मायनं पाहिलं. तिनं नातीला कडेवर घेतलं, बाहेर नेऊन खेळायला बसवलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. “काय झालं ते सांग,” म्हणाली. मी सगळं सांगितलं. पूड, शिसं, टॉर्च, फ्रॉक. तिला किती कळलं ठाऊक नाही. ती पदराचं टोक पिळत म्हणाली, “तुया बापाले असाच भेव होता.”

“कसला?”

“मशीनचा. ते किरणं कपड्याले लागून घरी येते म्हणे. तुले लागतीन म्हणे. म्हणून आंग धुतल्याबिगर तुले हात नाही लावे. थंडीतबी थंड पाण्यानं धुवे. मी म्हनो, पोरगी रुसून राहिली, तं म्हने, रुसू दे, जिती राहू दे.”

मी म्हटलं, “माय, किरणं कपड्याला लागत नाहीत. मशीन बंद झाली की संपतात. काही राहत नाही.”

“त्याले कोनी सांगतलं नाही,” ती म्हणाली. “डाक्टरनंबी नाही सांगतलं. तो भेत राहिला.” आणि उठता उठता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, “तो तरी आंग धुवे. तू काऊन नाही धुतलं?”

बाबूजी, तिला मला टोचायचं नव्हतं. ती नातीसाठी घाबरली होती. पण त्यानंतर दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तुम्ही जिथे भ्यायला हवं होतं, ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. लहान पोरांचा मोडलेला हात तुम्ही किरणांखाली धरून ठेवायचात, कारण पोर हललं की फोटो बिघडायचा. शिशाचा एप्रन एकच होता, घडीवर चिरलेला, तोही बहुतेक वेळा खिळ्यालाच. तुमचे स्वतःचे हात रोज त्या उजेडात जात होते आणि तुम्ही काळजी करत होता ती सदऱ्याची, माझ्यासाठी. पुढे नागपूरला तुमचं रक्त तपासलं, आजार रक्ताचाच निघाला, तेव्हा मायनं डॉक्टरांना विचारलं होतं, मशीनमुळे झालं का. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी तिथे उभी होते. ते ‘सांगता येत नाही’ मी इतकी वर्षं सोबत घेऊन फिरते आहे. आणि माझं? मला सगळं माहीत होतं, कुणी सांगायची गरज नव्हती. तुमची भीती खोटी होती आणि तुम्ही थंडीत आंघोळ केली. माझी खरी होती आणि मी ओढणीसुद्धा बदलली नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः फोन केला. “मॅडम, थोड़ा सा है. इतना तो बहुत बच्चों में मिल जाता है. घबराने की बात नहीं. असली तकलीफ कीड़े और खून की कमी है.” जंताचं औषध दिलं, लोहाचं औषध दिलं, आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा बघू म्हणाले. मी विचारलं, “वो थोड़ा सा कहाँ से आया?” ते म्हणाले, मिट्टी से, पानी से, पुराने पेंट से, कहीं से भी. कह नहीं सकते.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले आणि विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. माझ्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या दोघींनाही सांगितलं, त्यांच्यासमोर टॉर्च लावून त्यांच्या बाह्या दाखवल्या. एक तर जागीच रडायला लागली, तिचं लग्न ठरलं होतं. खल बंद केला. आता पूड बंद पेटीत, हातमोजे लावूनच हाताळतो, टेबलं ओल्या फडक्यानं पुसतो, लॅबचे कपडे लॅबमध्येच राहतात. शिसं नसलेला पदार्थही आम्ही करून बघतोय, तांबं आणि आयोडीन घालून. तो निळा उजळतो. अजून आमच्या हातून नीट जमत नाही, पडदा ठिकठिकाणी मंद राहतो. प्रमुख म्हणतात, आधी हिरव्याचं काम पूर्ण करा. मी दोन्ही करते. घरी आले की मागच्या दारानं शिरते, आंग धुते, मग पोरीला हाक मारते. ती येते. अजून तरी येते. तिच्या चेहऱ्यावर रंग आलाय, तांदूळ खाणं थांबलंय, दोन पोळ्या खाते.

दिवाळीनंतर रक्त पुन्हा तपासलं. शिसं पहिल्यापेक्षा कमी आलं. जावयांनी पेढे आणले. मायनं नातीवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मीही सगळ्यांबरोबर हसले. पण कमी झालं, म्हणजे मी आंग धुवायला लागल्यावर कमी झालं. मग आधीचं कुठून आलं होतं? डॉक्टर म्हणतात, लोह वाढलं की शिसं अंगात कमी मुरतं, त्यामुळेही उतरलं असेल. असेल. मी त्यांच्या या ‘असेल’ला धरून आहे. दुसरा अर्थ मी अजून कोणाजवळ बोललेले नाही, तुमच्याजवळच पहिल्यांदा. ती शाळेत एखादं अक्षर विसरली, आकडा चुकली, की मला फळ्यावर लिहिलेलं ते वाक्य आठवतं. तिच्या वयाची सगळीच पोरं विसरतात हे मला कळतं. तरी मी मोजत बसते.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, तुमची माफी मागेन, धावणं सोडल्याबद्दल. पण खरं सांगू का, ती गोष्ट आता मला टोचत नाही. तुम्ही गेला आहात, आणि तुम्ही जे केलं ते नीट होतं. टोचतं ते दुसरंच आहे. रिपोर्ट यायचा होता त्या आठवड्यात मी रोज सकाळी देवापुढे उभी राहायची. पोरीच्या रक्तात काही निघू नये, हे मागायची. आणि त्याच दमात, माझी ती मागची खोली बंद पडू नये, हेही मागायची. यातलं आधी कोणतं मागितलं ते मला आठवतं. हा कागद कोणाकडेच जाणार नाही, बाबूजी, तरी ते मी इथे लिहिणार नाही.